‘कळवू तुम्हाला’

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



‘माझा अनुभव’ या विषयावर बोला, अशी आज्ञा चिटणीसबाईंनी केली तेव्हा मी त्यांना म्हटले, “अहो, माझा अनुभव फसलेला आहे. नोकरीच्या मुलाखतीला गेले आणि नोकरी मिळाली नाही, एवढीच गोष्ट.” त्या म्हणाल्या, “फसलेलाच सांगा. यशाच्या कथा ऐकून बायका कंटाळल्या आहेत.” तेव्हा कंटाळा आला तर दोष त्यांच्याकडे, आणि बोलण्यात काही चुकले तर माझ्याकडे, अशी वाटणी करून सुरुवात करते.

गोष्ट २०१९ सालची. आमच्या ह्यांच्या कारखान्यात तेव्हा आठवड्यातून तीनच दिवस काम चालू राहिले होते आणि पगारही त्याच मानाने येत होता. थोरला दहावीत, धाकटी सहावीत, घराचे हप्ते डोक्यावर. मी लग्नाआधी आणि नंतरही मिळून नऊ वर्षे कल्याणला एका हिशेबतपासनिसांच्या कचेरीत काम केलेले. धाकटीच्या वेळी ते सुटले ते सुटलेच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा मात्र मी हट्टाने संध्याकाळचा वर्ग लावून तो शिकून घेतला. पोळ्या लाटताना कराचे दर पाठ करीत असे. मुले हसत. पण हात चालू ठेवायचा, एवढेच तेव्हा मनात होते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याची जाहिरात आली. ‘हिशेबनीस पाहिजे, जीएसटीचे ज्ञान आवश्यक, स्त्री उमेदवारांनीही अर्ज करावा.’ तो ‘ही’ वाचून मला बरे वाटले होते हे कबूल केले पाहिजे. कारखान्याचे नाव मी सांगणार नाही. नाव घेतले की गोष्ट त्या एका कारखान्याची होते, आणि ही गोष्ट ऐकून तुमच्यापैकी निदान चार जणी तरी म्हणणार आहेत की, आमच्याकडेही हुबेहूब असेच झाले.

आमचे सासरे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ते सांगत, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवले, कार्ड आले, एक दिवस मुलाखत झाली, आणि पोस्टाने कागद आला. त्या काळात सगळे सरळ होते असे मी म्हणत नाही. वशिला तेव्हाही होता. पण निकाल लागला की तो कागदावर कळे. ‘नाही’ हेसुद्धा टपालाने येई. मी मात्र जून ते सप्टेंबर चार वेळा गेले किंवा जायला निघाले, आणि माझ्या हाती एक ओळही आली नाही.

पहिल्या खेपेस शेजारच्या काकूंनी हातावर दही घातले. ठेवणीतली साडी, शेजारणीची पर्स आणि माझ्या जुन्या कचेरीचे शिफारसपत्र असा सगळा सरंजाम घेऊन मी बदलापूरहून लोकलने निघाले. अंबरनाथच्या पूर्वेला उतरून शेअर रिक्षा केली. दहाची वेळ दिली होती. आत बोलावले तीन वाजता. मधल्या वेळात आम्ही सहा जणी एका बाकावर आणि दोन मोडक्या खुर्च्यांवर. पाणी मागितल्यावर मिळाले. स्वच्छतागृहाची किल्ली मात्र पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकरी जेवायला गेलेला. हे मी मुद्दाम सांगते. भाषणात असे बोलू नये म्हणतात, पण दिवसभर बायकांना बसवून ठेवणाऱ्या ठिकाणी पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो विचारायची लाज आपणच बाळगतो.

माझ्या शेजारी एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती. अंबरनाथचीच. तिने डबा आणला नव्हता. मी थालीपीठ अर्धे केले. “मावशी, तुम्हीसुद्धा याच जागेसाठी?” तिने विचारले आणि लगेच जीभ चावली. मी म्हटले, “हो ग बाई, याच जागेसाठी.” मग आम्ही दोघी हसलो.

त्या दिवशी आत फक्त एक छापील अर्ज भरून घेतला. त्यात पतीचे नाव, पतीचा व्यवसाय आणि पतीचा मासिक पगार असे तीन रकाने होते. पुरुषांच्या अर्जात पत्नीचा पगार विचारीत असतील का, हे मला अजून कोडे आहे. पगाराच्या रकान्यात काय लिहावे ते कळेना. पूर्ण लिहावा तर खोटे, अर्धा लिहावा तर घरची लाज वेशीवर. शेवटी मी रकाना मोकळा सोडला.

दुसऱ्या खेपेस, जुलैच्या सुरुवातीला, लेखी परीक्षा झाली आणि नंतर एका टेबलापुढे तीन गृहस्थ. परीक्षेतले सगळे मला आले होते. टेबलावर मात्र हिशेबाचा एकही प्रश्न आला नाही. मुले किती? आजारी पडली तर कोण बघते? यजमानांची संमती आहे ना? मार्चअखेर उशिरापर्यंत थांबावे लागेल, घरचे चालवून घेतील का? आणि मग, नजर कागदावर ठेवून, “आणखी काही… म्हणजे कुटुंब पूर्ण झाले आहे ना?” मी एकेचाळीस वर्षांची बाई. कानशिले तापली. पण उत्तर दिले. घरी येताना गाडीत बसून सुचलेली उत्तरे तुम्हाला सांगत नाही. ती सगळी फार चांगली होती.

या प्रश्नांवरून मला एक जुना खटला आठवतो. आमच्या जुन्या कचेरीत त्याची चर्चा झाली होती, म्हणून तो लक्षात राहिला. १९८९ साली दिल्लीत नीरा माथुर नावाच्या बाई आयुर्विमा महामंडळात लागल्या. भरतीच्या वेळी त्यांच्याकडून जे प्रतिज्ञापत्र भरून घेतले त्यात मासिक पाळी नियमित आहे का, शेवटची कधी आली, असले प्रश्न होते. पुढे त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांनी तारीख खोटी सांगितली असे म्हणून त्यांना कामावरून कमी केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ साली न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले, आणि हे प्रश्न लाजिरवाणे आहेत, ते अर्जातून काढून टाका, असे महामंडळाला सांगितले. म्हणजे एका बाईने न विचारण्यासारखा प्रश्न न्यायालयापर्यंत नेला, तेव्हा तो देशाच्या एवढ्या मोठ्या संस्थेच्या कागदावरून पुसला गेला. मी १९९१ नंतर अठ्ठावीस वर्षांनी त्याच्याच चुलत भावंडाला उत्तर देत बसले होते. कायदा नव्हता असेही नाही. भरती करताना स्त्री म्हणून भेद करू नये, हे १९७६ च्या समान वेतनाच्या कायद्यात लिहिले होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आले आहे. पण टेबलापलीकडे बसलेल्या तीन गृहस्थांना कायद्याचे कलम ऐकवायचे, आणि वर नोकरीही मागायची, हे माझ्याच्याने झाले नाही. ज्या भगिनींच्याने होईल त्यांना माझा नमस्कार.

आता मुख्य गोष्टीकडे येते. उठताना त्यांनी मला एक काम दिले. ‘नमुना’ म्हणाले. तीन महिन्यांच्या खरेदीची बिले संगणकाच्या फायलीत दिली आणि सांगितले, यांचा मेळ घालून तक्ता करून आणा. ज्यांना यातले ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. कारखाना माल विकत घेताना जो कर देतो, त्याची त्याला पुढे वजावट मिळते. पण विकणाऱ्याने ते बिल सरकारी संकेतस्थळावर दाखवले आहे की नाही हे ताडून पाहावे लागते. वाण्याची वही आणि आपली वही महिनाअखेर जुळवून बघतो ना, तसेच. फक्त इथे वाणी दोनशे असतात आणि तिसरी वही सरकारची असते.

मी तीन रात्री बसून तो तक्ता केला. मुले निजली की जेवणाच्या टेबलावर. नुसता मेळ घातला नाही, तर पुढे कोणीही भरू शकेल असा साचाच करून दिला. शेवटी एक रकाना माझ्या पदरचा घातला: ‘कोणाशी, कधी बोलणे झाले, काय कबूल केले’. सगळे रकाने इंग्रजीत आणि हा एक मराठीत, कारण पुरवठादार फोनवर मराठीत आणि हिंदीतच कबूल होतात. ह्यांनी तो पाहून म्हटले, “हे काम फुकट कशाला करतेस?” मी म्हटले, “फुकट कसे? नमुना आहे.”

तिसरी मुलाखत २७ जुलैला, शनिवारी ठरली. ही तारीख बदलापुरात कोणाला विसरता येणार नाही. आदल्या रात्रीपासून पावसाने कहर केला होता. उल्हास नदी पात्र सोडून वर आली. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवाशांना जवानांनी होड्यांतून बाहेर काढले. त्यांना चहा-बिस्किटे द्यायला आपल्याकडची माणसे धावली. अशा दिवशी मी अंबरनाथला कशी जाणार? आमच्या बाजूची लोकल बंद, वीज नाही, फोनला जेमतेम जीव. तरी सकाळी नऊ वाजता कारखान्यात फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, ई-मेल करायला पाहिजे होता. बाकीच्या उमेदवार आल्या आहेत.” आल्या होत्या हे खरे. त्या अंबरनाथच्या होत्या.

मी समजले, संपले. पण १९ ऑगस्टला पुन्हा बोलावणे आले. काकू म्हणाल्या, “आता दहीसुद्धा दमले.” तरी घातलेच हातावर. या खेपेस सगळे निराळे होते. वाट पाहावी लागली नाही. चहा आला. मोठे साहेब स्वतः बसले होते आणि माझा तक्ता पडद्यावर लावलेला होता. पाऊण तास त्यांनी मला त्यातली एक एक गोष्ट विचारली. हा आकडा कुठून येतो, बिल दोनदा चढले तर तक्ता कसा ओळखतो, परतीच्या मालाचे काय. शेजारी एक तरुण भराभर लिहून घेत होता. भगिनींनो, त्या पाऊण तासाइतकी मी किती वर्षांत खूष झाले नव्हते. कोणी मुलांविषयी विचारले नाही, यजमानांविषयी विचारले नाही. माझे काम बघत होते! मी भरभरून सांगितले. उठताना साहेब म्हणाले, “फार छान. कळवू तुम्हाला.”

त्या दिवशी मी बदलापूरच्या स्टेशनबाहेर पेढे घेतले. घरी सांगितले, जवळजवळ झाल्यासारखेच आहे. ‘जवळजवळ’ हा शब्द ह्यांनी ऐकला नाही आणि मीही तो हळूच उच्चारला.

मग वाट पाहणे. ज्यांनी ही वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. फोन वाजला की हात पुसत धावायचे. २ सप्टेंबरला गणपती बसले, गौरी आल्या, गौरी गेल्या. आरतीला येणारा प्रत्येक माणूस विचारी, “काय, केव्हापासून जायचे?” शेवटी मीच फोन केला. तोच मुलगा म्हणाला, “मॅडम, ती पोस्ट भरली.” केव्हा? “झाले बरेच दिवस.” मग कळवले का नाही? “सिलेक्ट झालेल्यांनाच कळवतो आम्ही.” इतके सोपे उत्तर होते.

मी अंथरूण धरले वगैरे काही नाही. पण पंधरा दिवस संगणक उघडला नाही, आणि मुलांवर उगीच ओरडले, हे खरे आहे. धाकटीने एकदा विचारले, “आई, तुला येत नव्हते का?” तिला काय सांगावे? येत होते, म्हणूनच तर चहा मिळाला.

या दिवसांत मी कमला सोहोनींविषयी पुन्हा वाचले. तेव्हा त्या कमला भागवत होत्या. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्यांनी अर्ज केला. गुणांत त्या कमी नव्हत्या. सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला, कारण त्या मुलगी. त्या थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश दिला तो अटींवर: एक वर्ष पारखू, काम पसंत पडले तरच मान्य करू, आणि तुमच्यामुळे मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये! पुढे त्याच बाई केंब्रिजला जाऊन डॉक्टर झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. मला त्यांच्या गोष्टीतले एक फार आवडते. रामन यांनी निदान तोंडावर ‘नाही’ म्हटले होते. समोर भिंत होती, म्हणून तिच्यापाशी धरणे धरता आले. ‘कळवू तुम्हाला’ या वाक्यापाशी कुठे बसून धरणे धरायचे?

तोंडावरचा नकार कसा असतो तो मला त्याच वर्षी ऑक्टोबरात भेटला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, गजानन मार्केटच्या बाजूला, एका वृद्ध सिंधी कापडवाल्यांना हिशेबनीस हवा होता. मी गेले. शेठजींनी स्टूल पुढे केले, वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, “दीदी, इसमें गलती है, ढूँढो.” दहा मिनिटांत मी चूक काढून दिली. ते हसले आणि हिंदी-मराठी मिसळून म्हणाले, “काम तुम्हाला येते. पण मला रात्री साडेनऊपर्यंत माणूस पाहिजे, तुम्हाला बदलापूरला जायचे. आपला जमणार नाही. नाराज मत होना.” चहा पाजला आणि जायच्या रिक्षाचे पैसे पुढे केले. मी ते घेतले नाहीत. सगळे मिळून वीस मिनिटे. जाताना मला रडू येईल असे वाटले होते, पण गाडीत छान झोप लागली. ती माणसे फाळणीनंतर रिकाम्या हातांनी लष्कराच्या छावणीत येऊन राहिली, १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. काम मागायला दारोदार जाणे काय असते ते त्यांच्या घरात ठाऊक असावे, असे मला आपले वाटते. आठ दिवसांनी शेठजींनी आपल्या भाच्याला माझा नंबर दिला. त्याच्या दुकानाचे हिशेब मी घरून करू लागले. आज अशी सहा दुकाने आहेत. फार पैसे आहेत असे नाही, पण हप्ते थकत नाहीत.

चिटणीसबाईंनी चिठ्ठी पाठवली आहे, वेळ संपत आली म्हणून. हे थोडक्यात सांगून घेते: कोणी ‘नमुना’ मागितला तर तिथेच बसून, तासाभरात होईल एवढाच करून द्या, आणि घरून तीन रात्रींचे काम करून नेऊ नका. किती खेपा घालाव्या लागतील आणि उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारल्याने गेली तर ती नोकरी गेलेलीच होती. आपल्या मंडळातल्या ज्या मुली मुलाखतीला जातात त्यांच्याबरोबर निदान पहिल्या दिवशी एकीने जावे, बाहेर बसायला का होईना, अशी माझी सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिली आहे.

आता शेवट. तो मी अजून कोणाला सांगितलेला नाही, ह्यांच्याशिवाय.

जानेवारी २०२०. मी उल्हासनगरहून परत येत होते. अंबरनाथला बायकांच्या डब्यात ती मुलगी चढली. थालीपीठवाली. मावशीकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बदलापूरला निघाली होती. मला पाहून ती आधी गप्प झाली, मग शेजारी येऊन बसली. म्हणाली, “मावशी, ती जागा मला मिळाली.” मी अभिनंदन केले. खरेच केले. पगार विचारला, अकरा हजार. मी अठरा मागितले होते. सहज विचारले, “केव्हा लागलीस?” ती म्हणाली, “पाच ऑगस्टला.”

पाच ऑगस्ट. आणि मला चहा पाजला एकोणीस ऑगस्टला.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ती बिचारी बोलत होती. तिला काही ठाऊक नव्हते. तो लिहून घेणारा तरुण नोकरी सोडून गेला होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आला होता की, विकणाऱ्याने न दाखवलेल्या बिलांवरची वजावट, दाखवलेल्या वजावटीच्या वीस टक्क्यांपर्यंतच मिळेल. जानेवारीपासून ते दहा टक्के झाले. (पुढे २०२२ पासून तेवढीही सवलत गेली.) साहेब रोज तिच्यावर ओरडत होते आणि तिला तक्ता बदलता येत नव्हता. “कोणी केलाय कोण जाणे,” ती म्हणाली, “सगळे इंग्रजीत आहे आणि शेवटचा एकच रकाना मराठीत. कोणाशी, कधी बोलणे झाले. तेवढा एकच मला नीट समजतो.”

मी तिला सांगितले नाही, कोणी केला ते. सांगावेसे फार वाटले. आणि हेही वाटले की, नाहीच शिकवू. बुडू दे त्यांची वजावट. पण ओरडा खाणार होती ही, साहेब नव्हे. पर्समधून पेन्सिल काढली. तिच्याकडच्या हळदीकुंकवाच्या पाकिटावर रकाने आखले आणि दहा टक्क्यांचा हिशेब कुठे बसवायचा ते दाखवू लागले. अंबरनाथहून बदलापूर यायला आठ-दहा मिनिटे लागतात. गाडी थांबली तेव्हा परतीच्या मालाचा एक रकाना सांगायचा राहिला होता. गर्दी उतरून गेल्यावर आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो आणि तो पुरा केला.